मळ्याकडे पाठवलेले सेवक



४ ऑक्टोबरचा असिसीकर संत फ्रान्सिस यांचा सण जवळ आला की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. खांद्यावर पाखरे, पायाशी शांत झालेला लांडगा आणि मध्ये हसतमुख फ्रान्सिस. चित्र गोड आहे, मुलांना आवडते, कॅलेंडरवर शोभते. परंतु याच संताच्या नावाची एक मोठी नदी ब्राझील देशात आहे, आणि तिच्यासाठी फ्रान्सिसच्याच संघातला एक बिशप दोन वेळा अन्न सोडून बसला होता, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. आज आपण त्यांच्याविषयी, आणि नदीच्या रक्षणासाठी आयुष्य वाहिलेल्या माणसांविषयी थोडे चिंतन करू या. अशा माणसांचा सन्मान करावा असे सगळेच म्हणतात. तो करायचा कसा, हे मात्र वाटते तितके सोपे नाही.

आधी शुभवर्तमानाकडे वळू. संत मत्तयच्या एकविसाव्या अध्यायात प्रभू येशू एक दाखला सांगतो. एका घरधन्याने द्राक्षमळा लावला, कुंपण घातले, कुंड खणले, माळा बांधला आणि मळा कुळांना लावून देऊन तो परदेशी गेला. हंगामात त्याने आपला वाटा आणण्यासाठी सेवक पाठवले. कुळांनी कोणाला मारले, कोणाला ठार केले, कोणावर दगड टाकले. शेवटी धन्याचा पुत्र आला, तेव्हा तर कुळांनी ठरवूनच टाकले की याला संपवले म्हणजे वतन आपले.

आपल्याकडच्या जुन्या शेतकऱ्यांना हा दाखला फोडून सांगावा लागत नाही. कूळ म्हणजे काय, खंड म्हणजे काय, हे त्यांनी पाहिले आहे. आपल्या राज्यात कूळकायदा आला आणि कसणारा कूळ जमिनीचा मालक झाला. तो न्यायाचा कायदा होता, आमची त्याविषयी तक्रार नाही. परंतु देवाच्या सृष्टीला कूळकायदा लागू नाही. तिथे कितीही पिढ्या कसले, कितीही पाणी ओढले, तरी सातबारावर आपले नाव चढत नाही. नदीच्या काठावर राहणारा कूळच, तिच्यावर धरण बांधणारे सरकारही कूळच. दाखल्यातल्या कुळांचा गुन्हा त्यांनी मळा कसला हा नव्हता. आपण कूळ आहोत याची आठवण करून देणारा माणूस त्यांना डोळ्यांसमोर नको होता, हा त्यांचा गुन्हा. आमच्या समजुतीप्रमाणे नदीसाठी झटणारी माणसे ही अशी पाठवलेली सेवक मंडळी होत.

आता ब्राझीलला जाऊ. १५०१ साली ४ ऑक्टोबरला, म्हणजे संत फ्रान्सिसच्या सणाला, युरोपीय दर्यावर्दी एका प्रचंड नदीच्या मुखाशी पोहोचले. तिला त्यांनी साओ फ्रान्सिस्को हे नाव दिले. मूळ रहिवासी तिला त्याआधी ओपारा म्हणत होतेच, पण नकाशावर संताचे नाव राहिले. ही नदी मिनास जेराइस राज्यातल्या सेरा दा कानास्त्रा या डोंगरात उगम पावते आणि सुमारे २,८०० किलोमीटर वाहत जाऊन अटलांटिक महासागराला मिळते. वाटेत ती ब्राझीलच्या ईशान्येकडील कोरड्या, काटेरी प्रदेशातून जाते. तिथे तिच्याशिवाय दुसरा आधार नाही. काठचे लोक तिला लाडाने ‘म्हातारा शिको’ म्हणतात. शिको हे फ्रान्सिस्कोचे घरगुती रूप. घरातल्या आजोबांना हाक मारावी तशी ती हाक आहे.

या आजोबांचे गेल्या पन्नास-साठ वर्षांत हाल झाले. १९७०च्या दशकात सोब्रादिन्यो येथे धरण उभे राहिले. त्याचा जलाशय चार हजार चौरस किलोमीटरांहून मोठा आहे. चार गावे-शहरे पाण्याखाली गेली आणि सुमारे ७०,००० माणसे उठवली गेली. आणखी धरणे झाली, काठची झाडी गेली, शहरांचे सांडपाणी आत आले. पावसाळी पुराबरोबर अंडी घालायला वर चढणारे मासे भिंतींपाशी अडले आणि कोळ्यांच्या जाळ्यांत पूर्वीचा मोठा मासा येईनासा झाला. मुखापाशी तर काबेसो नावाचे गावच समुद्राने गिळले. धरणांमागे गाळ अडला, नदीचा जोर ओसरला आणि समुद्र आत सरकला. त्या गावाचे दीपगृह पुढे पाण्यात एकटे उभे राहिले. समुद्रकाठच्या आपल्या बांधवांना त्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

बिशप लुईज फ्लाविओ काप्पिओ हे फ्रान्सिस्कन व्रतस्थ. त्यांचा जन्मही ४ ऑक्टोबरचा, सन १९४६. तरुणपणी ते दक्षिणेच्या सुखवस्तू भागातून या नदीकाठच्या गरीब लोकांत आले आणि तिथलेच झाले. ४ ऑक्टोबर १९९२ रोजी त्यांनी तीन सोबत्यांसह नदीच्या उगमापासून चालायला सुरुवात केली. बरोबर एक वर्षाने, ४ ऑक्टोबर १९९३ला ते मुखाशी पोहोचले. वर्षभर गावोगावी थांबायचे, प्रार्थना करायची, आणि नदीला काय होते आहे ते लोकांच्या तोंडून ऐकायचे. तेव्हा ते बिशप नव्हते. बारा या नदीकाठच्या धर्मप्रांताचे बिशपपद त्यांच्याकडे १९९७ साली आले. आम्हांला या माणसाच्या चरित्रातली हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते. उपोषणाची बातमी झाली, चालण्याची फारशी झाली नाही. पण ज्याने नदी पायांनी मोजली त्यालाच तिच्यासाठी बोलण्याचा अधिकार पोहोचतो, असे आम्हांला वाटते.

पुढे सरकारने एक जुनी योजना पुन्हा हाती घेतली. नदीचे पाणी पंपांनी उचलून दोन लांब कालव्यांतून उत्तर-ईशान्येच्या दुष्काळी राज्यांत न्यायचे. १ कोटी २० लाख लोकांची तहान भागेल असे सांगण्यात आले. काप्पिओ यांचा आक्षेप असा, की आधी आजारी नदी बरी करा; आणि हे पाणी तहानलेल्या झोपडीपर्यंत न जाता मोठ्या बागायतदारांकडे, निर्यातीच्या फळांकडे आणि कोळंबीच्या तळ्यांकडे वळेल. २६ सप्टेंबर २००५ रोजी काब्रोबो येथल्या एका लहान प्रार्थनामंदिरात ते उपोषणाला बसले. अकराव्या दिवशी सरकारने चर्चेचा शब्द दिला आणि त्यांनी उपवास सोडला. चर्चा जेमतेम झाली. २००७च्या जूनमध्ये लष्कराच्या अभियंत्यांनी काम सुरू केले, तेव्हा त्रुका आदिवासी कामाच्या जागी जाऊन बसले होते. त्याच वर्षी २७ नोव्हेंबरला काप्पिओ दुसऱ्यांदा उपोषणाला बसले, या वेळी सोब्रादिन्योच्या धरणापाशी. हजारो लोक यात्रेला यावे तसे तिथे येऊन गेले. तीन आठवडे उलटल्यावर सर्वोच्च न्यायालयाने काम चालू ठेवण्यास मोकळीक दिली. त्याच सुमारास त्यांची शुद्ध हरपली, त्यांना रुग्णालयात न्यावे लागले आणि २० डिसेंबरला उपोषण संपले. नाताळ चार-पाच दिवसांवर आला होता.

इथे दोन अडचणी आहेत. त्या झाकून ठेवून सन्मान करणे आम्हांला पटत नाही.

पहिली अडचण आपल्या श्रद्धेची. जीवन देवाचे दान आहे. ते आपण होऊन संपवण्याचा अधिकार कोणाला नाही, अगदी चांगल्या कारणासाठीही नाही. मग बिशपने मरणापर्यंत उपोषण कसे करावे? हा प्रश्न त्या वेळी ब्राझीलमध्ये विचारला गेला. रोमनेही त्यांना दोन्ही वेळा उपोषण थांबवण्यास सांगितले, आणि ते योग्यच होते असे आम्ही म्हणतो. परंतु नीतिशास्त्र शिकताना हेतू आणि परिणाम यांतला भेद आपण शिकतो, तो इथे विसरू नये. स्वतःला मारण्यासाठी न जेवणे वेगळे, आणि आपले म्हणणे कोणी ऐकावे म्हणून आपला देह मध्ये ठेवणे वेगळे. बाँब पडत असताना आजाऱ्यांपाशी थांबणारी परिचारिका मरण मागत नसते. ही तुलना पूर्ण जुळत नाही, हे आम्ही जाणतो; परिचारिकेचा धोका बाहेरून येतो, उपोषण करणाऱ्याचा आतून. म्हणूनच आज्ञा आणि विवेक यांच्या मधल्या अरुंद वाटेवरून ते चालले असे म्हणावे लागते. शेवटी ते जगले, याबद्दल देवाचे आभार.

दुसरी अडचण तहानेची. ती जास्त कठीण आहे. या कालव्याचा आग्रह धरणारे राष्ट्राध्यक्ष लुला हे त्याच दुष्काळी मुलखात जन्मलेले. १९५२ साली आई सात-आठ लेकरांना घेऊन ट्रकमधून दक्षिणेकडे निघाली, त्या लेकरांत तेही होते. पाण्याविना गाव सोडण्याचे दुःख त्यांनी पुस्तकात वाचलेले नव्हते. आणि पुढे काय घडले? २०१२पासून तिथे अनेक वर्षांचा भयंकर दुष्काळ पडला. पाराइबा राज्यातले कांपिना ग्रांदी हे काही लाख वस्तीचे शहर. त्याचे धरण तळाला गेले, लोकांच्या नळाला आठवड्यातून थोडेच दिवस पाणी येई. २०१७ साली पूर्वेकडचा कालवा सुरू झाला, साओ फ्रान्सिस्कोचे पाणी तिथे पोहोचले आणि त्या वर्षी पाणीकपात उठली. बिशपने विरोध केलेल्या कालव्याने एका शहराची तहान भागवली. हे सत्य आहे आणि ते आम्ही लपवणार नाही. पिण्याचे सुरक्षित पाणी हा माणसाचा मूलभूत हक्क आहे, असे दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५च्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात स्पष्ट लिहिले आहे. त्या शहरातल्या आईच्या घड्यात पडलेले पाणी त्या हक्काचेच होते.

पण नाण्याची दुसरी बाजू पाहा. त्याच दुष्काळात खुद्द साओ फ्रान्सिस्कोची अवस्था अशी झाली, की सोब्रादिन्यो धरणातून एरवी सेकंदाला किमान १,३०० घनमीटर पाणी सोडायचे असते, ते २०१७मध्ये ५५० पर्यंत खाली आणावे लागले. ज्या आजोबांकडून रक्त घ्यायचे, त्यांच्याच अंगात रक्त उरलेले नव्हते. नदी आधी बरी करा, हे बिशपचे म्हणणे खोटे ठरले नाही. त्यांच्या बाजूचे लोक नुसते ‘नको’ म्हणत होते असेही नाही. कोरड्या प्रदेशातल्या अनेक संस्थांनी एकत्र येऊन घराघरांच्या छपरावरचे पाणी साठवण्यासाठी १६,००० लिटरच्या टाक्या बांधण्याचा कार्यक्रम चालवला. एक टाकी पाच माणसांच्या कुटुंबाला पिण्या-रांधण्यापुरती कोरड्या हंगामातले आठेक महिने पुरते. अशा दहा लाखांहून अधिक टाक्या झाल्या. पाण्यासाठी दोन-तीन तास चालणाऱ्या बायांची पायपीट थांबली. त्या टाकीचे उद्घाटन करायला कोणी मंत्री येत नाही, म्हणून ती वर्तमानपत्रात दिसत नाही, इतकेच.

म्हणजे बिशप हरले का? कालवा झाला, या अर्थी हरले. मग हरलेल्या माणसाचा सन्मान कशासाठी?

गुरुविद्यालयात आम्हांला अॅरिस्टॉटल शिकवत. त्याचे एक निरीक्षण आमच्या मनात घर करून राहिले आहे. तो म्हणतो की मान हा घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्याच्या हाती जास्त असतो, म्हणून मान हे माणसाचे अंतिम ध्येय असू शकत नाही. पुढे संत थॉमस अक्वायनस यांनी त्याला ख्रिस्ती वळण दिले. सन्मान म्हणजे साक्ष, दुसऱ्याच्या ठायी असलेल्या चांगुलपणाची दिलेली साक्ष. हा शब्द महत्त्वाचा आहे. शाल, श्रीफळ आणि सन्मानचिन्ह ही साक्षीची खूण झाली, साक्ष नव्हे. साक्षीदाराला उभे राहून काय पाहिले ते सांगावे लागते, उलटतपासणी सोसावी लागते, आणि कधी कधी शेजाऱ्याचा रोषही घ्यावा लागतो. प्रभू येशूने शास्त्री-परुशांना सुनावले ते हेच. संदेष्ट्यांच्या कबरी बांधायच्या, थडगी शृंगारायची, आणि आज समोर आलेल्या संदेष्ट्याला मात्र दारातून घालवायचे. मेलेल्या सेवकाला हार घालणे कुळांना कधीच जड गेले नाही.

हे होंडुरासमध्ये फार क्रूर रीतीने दिसले. बेर्ता कासेरेस ही लेन्का आदिवासी बाई, चार मुलांची आई. ग्वालकार्के नावाच्या, त्यांच्या लोकांनी पवित्र मानलेल्या नदीवर धरण होणार होते. लोकांना न विचारता. तिने गावे उभी केली, रस्ता अडवून लोक महिनोन्‌महिने बसले. २०१३ साली तिचा एक सहकारी सैनिकाच्या गोळीने मारला गेला. २०१५च्या एप्रिलमध्ये तिला पर्यावरणाचा गोल्डमन पुरस्कार मिळाला. जगभर फोटो छापून आले. पुढल्या वर्षी मार्च महिन्यात मारेकऱ्यांनी तिच्या घरात शिरून तिला ठार केले. मारेकऱ्यांना पुढे शिक्षा झाली, आणि २०२१ साली धरण कंपनीचा माजी प्रमुखही दोषी ठरला. ते धरण झाले नाही, ग्वालकार्के आजही मोकळी वाहते. पुरस्कार चांगलाच होता, पण तो अकरा महिन्यांत तिच्या दारावरचा पहारा होऊ शकला नाही. पुरस्कार देणारे दूर असतात. शेजारी, परगण्यातले अधिकारी, धर्मसभा ही जवळ असतात. साक्ष जवळच्यांनीच द्यावी लागते.

आपल्या देशातलेही एक नाव घेतले पाहिजे. प्राध्यापक जी. डी. अग्रवाल आयआयटी कानपूरमध्ये शिकवत, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे पहिले सदस्य-सचिव होते. हिशेब जाणणारा अभियंता माणूस. उतारवयात त्यांनी संन्यास घेतला आणि गंगेच्या वरच्या प्रवाहासाठी, भागीरथीसाठी, वारंवार उपोषणे केली. त्यांच्या आग्रहाचा वाटा असा, की २०१०मध्ये लोहारीनाग पाला हा जलविद्युत प्रकल्प काम बरेच झालेले असताना रद्द झाला. २०१८च्या जूनमध्ये ते पुन्हा बसले आणि १११ दिवसांनी, ११ ऑक्टोबरला, शहाऐंशीव्या वर्षी गेले. ते हिंदू संन्यासी होते. त्यांच्या शेवटच्या मार्गाविषयी आमचे म्हणणे तेच आहे जे काप्पिओंच्या उपोषणाविषयी वर लिहिले. पण नदी ही आई आहे असे तोंडाने म्हणणारे कोट्यवधी असताना, तो शब्द खरा मानून वागणारे किती, हा प्रश्न त्यांनी मागे ठेवला. आम्हां ख्रिस्ती लोकांनाही तो लागू आहे. पाण्याने आपला बाप्तिस्मा होतो, पवित्र पाण्यात बोटे बुडवून आपण देवळात शिरतो, आणि बाहेर आल्यावर नाल्यात काय वाहते ते पाहत नाही.

आपल्या वसईकरांना हे नवे नाही. उत्तरेला वैतरणा, दक्षिणेला उल्हास नदीची खाडी, आणि मध्ये विहिरींवर जगलेल्या वाड्या. टँकरांनी विहिरी उपसल्या जाऊ लागल्या, गोडे पाणी मचूळ होऊ लागले, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. मोर्चे निघाले, धमक्या आल्या. २४ जुलैच्या दुसऱ्या दिवशी, २५ जुलै २०२४ला फादर गेले, तेव्हा श्रद्धांजल्यांचा पूर आला. त्या पुरात, त्या काळी ‘फादरांनी देवळात बसून मिस्सा करावी, पाण्याच्या भानगडीत पडू नये’ असे म्हणणारेही असणार. आम्ही कोणाकडे बोट दाखवत नाही. दाखल्यातली कुळे काही राक्षस नव्हती, रोज मळ्यात राबणारी साधीच माणसे होती.

आगेऱ्याला आपण नव्या भाताच्या लोंब्या देवळात आणतो. तो धन्याचा वाटा आहे. त्या लोंबीत पाणी आहे, आणि ते पाणी कोणीतरी राखलेले आहे. म्हणून यंदा एक छोटी गोष्ट करावी असे धर्मग्राम मंडळाशी बोलून ठरवले आहे. आपल्या गावातल्या ज्या हयात माणसांनी विहीर, तलाव, ओढा, खाडी किंवा तिवरे राखण्यासाठी झीज सोसली, त्यांची नावे कागदावर लिहून येत्या रविवारपर्यंत धर्मग्राम कार्यालयात द्यावीत. मग ती व्यक्ती आपल्या देवळाची असो वा नसो. नुसते नाव देऊ नये. त्यांनी काय केले, केव्हा केले, आणि त्या वेळी आपण स्वतः कोणत्या बाजूला होतो, हेही चार ओळींत लिहावे. शाल-श्रीफळाचा कार्यक्रम ठेवलेला नाही. आगेऱ्याच्या मिस्सेत श्रद्धावंतांच्या प्रार्थनेच्या वेळी ती नावे आणि त्या ओळी, लिहिणाऱ्याने स्वतः पुढे येऊन वाचायच्या आहेत. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी आमच्याकडे तोंडी सांगावे. आम्ही लिहून घेऊ आणि वाचताना त्यांच्या शेजारी उभे राहू.